चोवीस डबे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हा नीलाच्या जिवाला दर जानेवारीतला घोर. जुन्या जालन्यातल्या तिच्या गल्लीत बायका वाण हातात आलं की आधी उलटं करून बघतात. यंदा सुपरमार्केटात पाय ठेवल्याबरोबर उत्तर सापडलं. दारासमोरच दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा ढीग रचलेला, अन् प्रत्येक पाकिटाला चिकटपट्टीनं बांधलेला एक गुलाबी डबा. फुकट.

नीलानं चोवीस उचलले.

"दुकान टाकून राह्यलीस का काय?" घरी तिच्या नवऱ्यानं, अवधूतनं विचारलं.

"डबे वाणाला होतेत. पावडर आपल्या चिन्मयीला. ताकदीची असती ती. ही पोरगी बघा कशी पळून राह्यली."

पाकिटावरची पोरगी खरंच पळत होती.

डबे एका संध्याकाळी संपले. पाकिटं राहिली. तारीख उलटू नये म्हणून नीला सकाळी तीन चमचे घालायची, संध्याकाळी चार. अकरा वर्षांची चिन्मयी आधी बिनसाखरेचं दूध घटाघटा प्यायची. आता पावडरीशिवाय पेल्याला तोंड लावेना. मार्चात शाळेचा स्कर्ट कमरेत उसवला. सासूबाई, उषाबाई, खूश. "पोरीनं चांगलं अंग धरलं."

तेव्हाच कधीतरी मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला. दर रविवारी न्हाऊ घालताना नीला डाळीचं पीठ लावून तो घासायची.

"आई, दुखून राह्यलंय!"

"मळ निघतच न्हाई, मी काय करू? मान धुवत जा बराबर."

जूनमध्ये शाळेतल्या आरोग्य तपासणीनंतर 'वजन जास्त, डॉक्टरांना दाखवा' अशी चिठ्ठी आली, म्हणून ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, रक्त तपासलं, मग चिन्मयीची वेणी बाजूला सारून मान पाहिली.

"घासता का हो?"

"दर रविवारी."

"मळ नाहीये हा. वजन वाढलं, साखर बिघडायच्या वाटेवर असली की मान अशी होते. अजून हातात आहे. दुधात काय घालता?"

नीलानं पावडरीचं नाव सांगितलं.

"किती?"

"चोवीस."

"चमचे?"

"पाकिटं."

परत येताना शेजारच्या बेबीनंदाच्या ओट्यावर तोच गुलाबी डबा धुऊन पालथा घातलेला दिसला. नीला तशीच पुढं गेली. घरी येऊन तिनं उरलेली पाच पाकिटं मोरीत रिकामी केली. तपकिरी फेस बराच वेळ जाळीवर फिरत राहिला. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मग तिनं रात्रीच्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ काढलं.

रविवारी सवयीनं तिच्या हातून वाटीत डाळीचं पीठ भिजवलं गेलं. मोरीत चिन्मयीनं आपणहून मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले, खांदे आवळून घेतले.

नीलानं वाटी बाजूला सरकवली अन् मानेवर नुसतं कोमट पाणी सोडलं.

"घास ना जल्दी," मिटल्या डोळ्यांनीच चिन्मयी म्हणाली.

"न्हाई," नीला म्हणाली. "तो मळ न्हाई."

अन् ती पाणी ओतत राहिली.