कवळीकाकांची बोलती बंद

कवळीकाका घरी बोलत नसत. तशी गरजही नव्हती. काकूंचं तोंड दोघांना पुरून उरायचं. काका आपले "हं" म्हणत आणि भाजी निवडत. पण एकदा का हा माणूस कारखान्यातल्या आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरला, दार लोटून स्टुलावर बसला, की मग काही विचारू नका.

कारखाना कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत, सोबत चिठ्ठी: बाई, वय बहात्तर, शाळेत शिकवत असत. काका गुलाबी मेणात एकेक दात बसवत, मग तो जबडा बिजागरीच्या चौकटीत अडकवत, आणि डाव्या हाताने उघडझाप करत त्या बाईंच्या वतीने अख्ख्या वर्गाला झापायला लागत. बोलता बोलता कुठला दात आपटतो, कुठला अडखळतो ते बघायचं आणि तिथलं मेण खरवडायचं. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती, पण एकतीस वर्षांत त्यांची एकही कवळी परत आली नव्हती. आता दिवसभर परक्याच्या तोंडाने बोलायचं म्हटल्यावर मधेच स्वतःचंही काहीबाही निघणारच. सकाळी काकूंनी जे ऐकवलं असेल त्याची उत्तरं काका दुपारी एखाद्या निवृत्त फौजदाराच्या दातांतून देत. घरात शेळी, इथे वाघ. त्यात कुणाचं काय जात होतं?

धाकट्या मालकाचं जात होतं. थोरले मालक गेल्यावर हा खुर्चीवर बसला, आणि नव्या माणसाला काहीतरी नवं केल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने प्रत्येक खोलीत छताला साबणाएवढी पांढरी डबी लावली. आगीबिगीची सूचना मिळावी म्हणून, असं सांगितलं. आत माइक आहे हे मात्र गिळून टाकलं. मग काचेच्या केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून साहेब बसून राहू लागले. आठवड्याभरात त्याची खात्री पटली की काकांच्या खोलीत कामाच्या वेळी निदान सहा माणसं गप्पा ठोकायला येतात आणि त्यातला एक फौजदार आहे.

चहाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना गोळा केलं, रेकॉर्डिंग लावलं आणि ही मंडळी कोण, असं काकांना दरडावून विचारलं. स्पीकरमधून फौजदार गरजला, "भाजीत मीठ कमी आहे. आज नाही, बावीस वर्षांपासून कमी आहे!" लोक हसून हसून आडवे झाले. हसू येण्यासारखंच होतं म्हणा. पण माणसाच्या पोटातलं असं चव्हाट्यावर मांडणं हा शुद्ध नीचपणा आहे.

त्यात पॉलिशच्या यंत्रावर काकूंची सख्खी भाची. काका घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. काकूंनी ताट वाढलं, शेजारी मिठाची अख्खी बरणी ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, इतकं छान बोलता येतं, तर मग समोर बोला की." काकांची दातखीळ बसली.

दुसऱ्या दिवसापासून खोलीतही तेच. काका मेण लावत, वर डबीकडे बघत, पुन्हा मेण लावत. मालक खूश, हेडफोनमध्ये नुसती शांतता. पंधरा दिवसांत पहिली कवळी परत आली. मग एका वकिलाची आली. बोलताना त्याचे दात टाळ्या वाजवत होते म्हणे. हात तेच, मेण तेच, पण तोंडाशिवाय त्या हातांना काही सुचत नव्हतं. असंच चाललं तर आपल्याला घरी बसवतील, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अशात मालकाच्या आईचा साचा आला. तीही कवळी काकांनी मुकाट्यानेच केली. आईंनी कवळी बसवली, मुलाला झापायला तोंड उघडलं आणि शब्दाशब्दाला शिट्टी. घरात भांडण चाललंय की कुकर लावलाय, शेजाऱ्यांना कळेना. आईंनी कवळी काढून मुलाच्या हातात ठेवली आणि कागदावर लिहिलं, 'त्या माणसाला काय केलंस?'

मालक ती कवळी घेऊन धावतच काकांच्या खोलीत आला. "काका, बोला ना. पूर्वीसारखं बोला."

काकांनी वर बोट दाखवलं.

"ती मी येतानाच बंद केली."

"बंद आहे हे तुम्हाला माहीत," काका म्हणाले. "मला कसं कळायचं?"

मालक स्टुलावर चढला, डबी उपसली आणि काकांच्या हातात दिली. बाकीच्या खोल्यांतल्या डब्यांचं काय, असं काकांनी विचारलं. त्याही आजच काढतो, म्हणाला. काकांनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि कालवलेल्या प्लास्टरच्या वाडग्यात बुडवली. प्लास्टर दगडासारखं घट्ट होईपर्यंत दोघंही वाडग्याकडे बघत उभे होते. मग काकांनी मालकाला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं.

मालक दाराबाहेर घुटमळला. आत बिजागरी कुरकुरली, घसा खाकरला गेला. त्याला राहवेना. इकडे तिकडे बघून त्याने हळूच दाराला कान लावला.

आतून थेट आईचा ठसका आला. "कान लावून उभा आहेस ना? सोड ती सवय. जा, कामाला लाग."

"हो, आई," म्हणाला आणि निघाला.