सुरीवरची जास्वंद

माझी संघमित्रा आत्या कल्याणला शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली, तरी दर भीमजयंतीला विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत स्टेजवर चढते आणि बुवांच्या चमत्कारांची पोल खोलते. लिंबू कापते, लाल रस ओघळतो, मग ओरडून सांगते, “रक्तबिक्त काही नाही! सुरीला आधीच जास्वंद चोळून वाळवलेली. लिंबाचं आम्ल लागलं की तिचा रंग लाल होतो.”

यंदा हे सगळं ऐकूनही एक आजी नातवाला घेऊन तिच्या पाया पडायला आल्या. “बाई, याच्यावरूनपण एक लिंबू उतरवा.” आत्या अशी भडकली, की तिने सुरी आजींच्याच हातात दिली. आजींनी लिंबू कापलं, लाल रस बघितला आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

मी जादूची कादंबरी लिहितोय. चेटकीण लिंबू कापते आणि रक्त वाहतं, असं पहिलं प्रकरण मी आत्याला वाचून दाखवलेलं.

“रक्त कशामुळे?”

“अगं आत्या, जादू आहे ती.”

“जन्मभर बुवांशी भांडले, आता घरातच एक निघाला! आधी तिच्या दारात जास्वंद लाव.”

लावली. काल आत्याने नवं प्रकरण ऐकलं. चेटकीण आता गावातल्या बायकांना सुरीला फूल चोळायला बसवते, आणि राजाची झोप उडते.

“एवढा घाबरतो तिच्या जादूला?” आत्याने विचारलं.

“जादूला नाही गं. ती सगळ्यांना शिकवते, त्याला.”

आत्याने टाळीसाठी हात पुढे केला.