राकितेनीचा बचावपटू आणि त्याच्या आईची पोमाना

राकितेनी गावात पेत्रिशोर ग्रोझाचं नाव काढलं की लोक आधी थुंकतात आणि मग बोलतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी टीव्हीवर त्याचा फुटबॉलचा सामना असला की गुत्त्यात बसायला जागा मिळायची नाही, आणि चर्चमध्ये पाद्री त्याच्या नावानं वेगळी मेणबत्ती लावायचा. एका उन्हाळ्यात सगळं फिरलं.

पेत्रिशोर लहानपणापासून अंगानं दणकट, बोलायला कमी आणि हट्टी. बाप आंगेल सहकारी शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. आई स्तांका बीटाच्या शेतात खुरपायची आणि सणवार, उपासतापास कडक पाळायची. पोरात काहीतरी आहे हे शाळेतल्या मास्तरांनी पाहिलं आणि जिल्ह्याच्या शहरातल्या क्लबात त्याला घातलं. तिथं तो वाढला, मिसरूड फुटेपर्यंत राहिला. एक दिवस स्तांका एका हातात चीजची टोपली आणि दुसऱ्या हातात जिवंत कोंबडी घेऊन प्रशिक्षकाला भेटायला गेली. प्रशिक्षक म्हणाला, "बाई, पोरगा मजबूत आहे, पण याला वळायला बैलगाडीइतका वेळ लागतो. घेऊन जा." स्तांका पोराला घेऊन निघाली. दारापर्यंत जाऊन परत फिरली, टेबलाखालून कोंबडी उचलली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आली. ही गोष्ट गावात अजून सांगतात.

ज्याला वळता येत नाही त्यानं समोरच्याला सुटूच द्यायचं नाही, हे पेत्रिशोर त्यानंतर शिकला. आधी खालच्या विभागातल्या चिखलाच्या मैदानांवर, मग हंगेरीत, मग इस्रायलमध्ये, मग ग्रीसमध्ये आणि शेवटी सायप्रसमध्ये, समुद्राकाठच्या एका छोट्या क्लबात. प्रत्येक देशात त्याला आधी दोनच शब्द यायचे, 'मागे' आणि 'माझा'. सामना सुरू झाल्या झाल्या समोरच्या आघाडीच्या खेळाडूला एकदा कोपर लागायचं, म्हणजे तो पुढं सगळा वेळ जपून राहायचा. धक्का लागला की लगेच दोन्ही हात वर करायचे आणि रेफरीकडं बघायचं. कोणाची माफी मागायची नाही. माफी मागितली की पुढच्या वेळी तो सरळ अंगावर येतो. राष्ट्रीय संघातून त्याला कधी बोलावणं आलं नाही. पण क्लबातले लोक त्याच्या भरवशावर झोपायचे, म्हणून त्याचं पोट परदेशात चाललं. लग्न केलं नाही. आई म्हणे, केलं असतंस तरी टिकलं नसतं.

बाप गेल्यावर त्यानं आईला नवं घर बांधून दिलं. प्रत्येक देशातून काहीबाही पाठवलं. धुण्याचं मशीन, मिक्सर, रजया, चादरी, जाड गादी. स्तांकानं त्यातलं काही वापरलं नाही. प्लास्टिकसकट सगळं चांगल्या खोलीत रचून ठेवलं आणि स्वतः जुन्या खाटेवर झोपत राहिली. पाहुणा मावशी म्हणावं तसं म्हणून विचारी, "त्साता स्तांका, मशीन का नाही लावत?" ती म्हणे, "ते तिकडं लावीन."

तिकडं म्हणजे वर. राकितेनीत म्हातारी माणसं आपली पोमाना जिवंतपणीच उरकतात. एरवी मेलेल्याच्या नावानं जे जेवण घालतात, ज्या वस्तू देतात, ते सगळं आपल्याच हातानं, आपल्याच डोळ्यांदेखत. जे आपण देतो आणि घेणारा मनापासून घेतो, तेच वर आपल्याला मिळतं. घेणाऱ्यानं 'बोग्दाप्रोस्ते', म्हणजे देव क्षमा करो, असं म्हणायचं, की पोचलं. आणि सगळ्यांत मोठं दान पलंगाचं. पलंग न देता जो जातो तो वर उघड्या जमिनीवर निजतो.

स्तांकाचा पलंग कोण घेणार हे तरुणपणीच ठरलं होतं. समोरच्या घरातली लिक्सांद्रा आणि ती एकाच ओळीत बीट खुरपायच्या. दोघींनी तिथंच एकमेकींना शब्द दिला होता, जी आधी पोमाना करील तिचा पलंग दुसरीनं घ्यायचा. पुढं दोघी विधवा झाल्या, शब्द तसाच राहिला.

आणि मग तो उन्हाळा आला. युरोपच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत चिठ्ठ्या अशा पडल्या की पेत्रिशोरच्या सायप्रसच्या क्लबाला त्याच शहराच्या क्लबाशी खेळावं लागलं, ज्यानं त्याला घरी पाठवलं होतं. त्या क्लबात आता आघाडीला खेळत होता साबिन, लिक्सांद्राचा नातू. राकितेनीतून लोक बस भरून गेले. अगदी शेवटी, एका गोलानं शहराचा संघ पुढं गेला असता अशा वेळी, साबिन चेंडू घेऊन सुटला. पेत्रिशोरनं मागून पाय घातला. साबिन पडला तो उठला नाही, गुडघ्यातलं काहीतरी तुटलं. बाजूनं आणखी एक बचावपटू धावत होता, म्हणून रेफरीनं लाल न काढता नुसतं पिवळं कार्ड काढलं आणि खिशात ठेवलं. सायप्रसवाले पुढं गेले. प्रभू सगळं बघतो म्हणतात. रेफरी नाही बघत.

बस गावात परतली तेव्हा गुत्त्याच्या दारात उभा राहून तिथं कायम बसणारा नेआ गोगू म्हणाला, "एका कोंबडीपायी गावाचा गुडघा मोडला." ते वाक्य मग सगळ्यांचं झालं; क्लबानं घरी पाठवल्याचा राग त्यानं साबिनवर काढला, असंच सगळ्यांनी धरलं.

स्तांकानं शरद ऋतूतल्या मृतांच्या शनिवारी पोमाना ठरवली होती. तिनं लिक्सांद्राला सांगितलं. लिक्सांद्रा कुंपणाच्या पलीकडून म्हणाली, "तुझ्या घरातली काडीसुद्धा माझ्या दारात नको." आणि लिक्सांद्रा घेत नाही म्हटल्यावर गावातलं दुसरं कोणी घेईना.

स्तांकानं पोराला फोन केला. "ये आणि निस्तर."

"आई, माझे सामने आहेत."

"मी जमिनीवर निजेन आणि तू सामने खेळ."

"मग तू गेल्यावर करू ना पोमाना. मी करीन सगळं."

"मी गेल्यावर तू विमानातून उतरेपर्यंत मी गार झालेली असेन. आणि बाजारातल्या कागदी ताटल्या वाटशील. माहितेय मला. ये."

तो आला. आईनं जेवायला वाढायच्या आधीच समोरच्या घराकडं बोट केलं. "जा, माफी माग. आणि तिथं हात वर करून उभा राहू नकोस."

लिक्सांद्राच्या फाटकाशी कुत्रा भुंकायला लागला. म्हातारी ओसरीवर मक्याचे दाणे काढत बसली होती. साबिन खुर्चीत, एक पाय स्टुलावर.

"त्साता लिक्सांद्रा, मी आलोय," पेत्रिशोर म्हणाला.

"कळलं. माणूस आला की आमचा कुत्रा एवढा भुंकत नाही."

पेत्रिशोर फाटकातच थांबला. साबिनला म्हणाला, "हे बघ, कामच तसं आहे. तू पुढं गेला असतास तर गोल होता. माझ्या जागी कोणीही असता तरी तेच केलं असतं."

"माहितेय," साबिन म्हणाला. "आम्हालाही तेच शिकवतात. पाडलंस त्याचा राग नाही."

"मग कशाचा?"

"मी खाली ओरडत होतो आणि तू रेफरीला दाखवत होतास की तुझे हात रिकामे आहेत. मान वळवून एकदा बघितलं नाहीस. मला अजून तुझी पाठ दिसते. नाव लिहिलेली. ग्रोझा."

पेत्रिशोरला इथं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या तोंडाशी आलंही असेल. पण इतकी वर्षं गिळायची सवय. तो म्हणाला, "तिकडं डॉक्टर चांगले आहेत. मी त्याला बोलावून घेतो. सगळं मी बघतो."

लिक्सांद्रानं कणीस टोपलीत टाकलं. "म्हणजे परत पाठवणार काहीतरी. आईला मशीन पाठवलंस, आता आम्हाला गुडघा पाठव. प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठव हं, वापरायचा नसतो तुमच्याकडं."

साबिन हसला. ते हसणं पेत्रिशोरला लागलं. "पोमानेला नसेल यायचं तर नका येऊ," तो म्हणाला. "आई पलंग दुसऱ्या कोणाला देईल."

"देऊ दे की. कोण घेतंय तेही बघू."

घरी आल्यावर स्तांकानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "माफी मागायला पाठवला होता, हा सामना खेळून आला."

"मी त्याचे उपचार करतो म्हणालो, अजून काय करू?"

"तुला काय करू ते कळत असतं तर मला जिवंतपणी हे करावं लागलं असतं का?"

शुक्रवारचा सगळा दिवस स्वयंपाकात गेला. कोबीच्या पानात तांदूळ नि मांस भरून सार्मालेच्या गुंडाळ्या मोठ्या मातीच्या भांड्यात लावल्या. कोलिवासाठी गहू शिजवून, साखर नि अक्रोड घालून ताटात थापला, वर पिठीसाखरेचा क्रूस काढला. मदतीला नेहमी शेजारणी येतात, त्या दिवशी कोणी आली नाही. पेत्रिशोर अक्रोड फोडायला बसला तर आई म्हणाली, "उठ, सालं पडतायत त्यात." त्यानं विहिरीवरून पाणी आणलं तर म्हणाली, "पाय पुसून ये." त्या दिवसात ती त्याला एवढंच बोलली.

शनिवारी अंगणात टेबलं मांडली. पलंग मध्ये, त्यावर सायप्रसची गादी, उशी, रजई, उशाशी मेणबत्ती. पाद्री आला, धूप फिरवला, प्रार्थना म्हटली. जेवायला बसले गावाच्या टोकाच्या दोन भिकारी बहिणी आणि चर्चचा गाणारा. बाकी टेबलं रिकामी. सार्माले निवत होते. स्तांका काळा रुमाल बांधून पलंगाजवळ उभी होती, फाटकाकडं बघत.

मग समोरचं दार उघडलं. लिक्सांद्रा बाहेर आली, तिच्यामागं कुबड्या घेतलेला साबिन. त्यांना पाहून शेजारची दारं उघडली, गुत्त्यातून नेआ गोगू आणि चारजण आले, आणि बघता बघता रस्त्यावर अर्धा गाव जमला. लिक्सांद्रानं फाटकाच्या आत पाय टाकला नाही.

"स्तांका, मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "तुझ्या हातचा पलंग घेईन, मनापासून घेईन. पण हा ज्या अंगणात उभा आहे तिथं मी घास खाणार नाही."

पाद्री पुढं झाला. "लिक्सांद्रा, पोमानेच्या दारात अटी घालत नाहीत. क्षमा करावी."

"पाद्रीबाबा, त्यानं मागितली तर करीन ना. तुम्हीच विचारा त्याला."

सगळ्यांनी पेत्रिशोरकडं पाहिलं. तो फाटकाकडं तोंड करून उभा होता. "मी माझं काम केलं," तो म्हणाला.

रस्त्यावर कोणीतरी थुंकलं.

स्तांका पोराकडं वळली. तिनं आवाज चढवला नाही. "पेत्रिशोर, बाहेर हो."

"आई, हे घर मी बांधलंय."

"घर तू बांधलंस. मरण माझं आहे. हो बाहेर."

आई तिसऱ्यांदा सांगणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तो निघाला. फाटकात लोकांनी त्याला वाट दिली, पण अंग चोरून, जसं ओल्या रंगाजवळून जातात तसं. तो बाहेर पडला आणि गाव आत शिरलं.

कुंपणाबाहेर उभं राहून त्याला सगळं ऐकू येत होतं. बाकं ओढल्याचा आवाज, चमचे, पाद्रीचं गाणं. मिक्सर कोणाला गेला, मशीन कोणाला गेलं, तेही कळत होतं, कारण प्रत्येक वेळी 'बोग्दाप्रोस्ते' ऐकू यायचं. ज्यांनी त्याच्या नावावर थुंकलं होतं त्यांनीच त्याच्या रजया काखेत मारल्या. थोड्या वेळानं पलंग निघाला. चौघांनी खांद्यावर घेतलेला, लिक्सांद्रा एका हातानं उशापाशी धरून चाललेली, दुसऱ्या हातात जळती मेणबत्ती. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते पाणी स्तांकासाठी होतं. पेत्रिशोर वाटेतच उभा होता.

"बाजूला हो," नेआ गोगू पलंगाखालून म्हणाला. "आज काही अडवायचं नाही."

तो बाजूला झाला. पलंग रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेला. लिक्सांद्राचं 'बोग्दाप्रोस्ते' मोठं आणि स्वच्छ आलं, चर्चमध्ये म्हणतात तसं.

मग स्तांका फाटकाबाहेर आली. हातात ताट, त्यात कोलिवा, दोन सार्माले, गोल पाव, पावात खोचलेली मेणबत्ती.

"घे," ती म्हणाली.

"मी घरचा आहे. घरच्याला पोमाना देत नाहीत."

"अंगणाबाहेर उभा आहेस. रस्त्यावर जो असेल त्याला दिल्याशिवाय पूर्ण होत नाही. घे, मेणबत्ती विझेल."

त्यानं ताट घेतलं. ती समोर उभीच राहिली, हात पोटाशी बांधून. आतून लोक बघत होते.

"म्हण," ती म्हणाली.

त्यानं ओठ हलवले.

"मला ऐकू आलं पाहिजे. नाहीतर पोचत नाही."

"बोग्दाप्रोस्ते," पेत्रिशोर म्हणाला.

स्तांकानं छातीवर क्रुसाची खूण केली. चेहऱ्यावरचा ताण उतरला, तिचं काम झालं होतं. फाटकाची कडी लावता लावता ती म्हणाली, "ताट परत आणू नकोस. तेही दिलंय."

त्यानं कुंपणाला टेकून उभ्यानंच खाल्लं. गहू चांगला शिजला होता.