लाल काचेतली पायवाट

मला लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. कॉलेज संपल्यावर रेल्वेच्या नोकरीसाठी तपासणी झाली, तेव्हा हे पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा होता, आणि मला पानामागून पान नुसते ठिपकेच दिसत राहिले. डॉक्टर म्हणाले, "घरात कुणाच्या कधी ध्यानात आलं न्हाय?" आलं नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं होतं? ती नोकरी गेली. पुढे एका दूध संघाच्या ऑफिसात लागलो, तिथं रंगांवाचून काही अडलं नाही.

लग्नानंतर बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिनं कपाटाकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा शालू कसला दिसला तुम्हाला?"

"छान दिसला," मी म्हणालो. खोटं काही बोललो नव्हतो.

माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना त्यांनी रोलचा एक जुना कॅमेरा आणि दोन लेन्स मला दिल्या. मी ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायला लागलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा असं एक काम सापडलं की जिथं मी आणि बाकीचे लोक एकाच पातळीवर होतो. सुट्टीच्या दिवशी राधानगरीकडे जायचं, धरणाचं पाणी, उसाचे फड, डोंगराच्या रांगा टिपायच्या, घरी न्हाणीघर अंधारं करून रोल धुवायचा. फोटो बरे यायचे, पण आभाळ मात्र कोऱ्या कागदासारखं. डोळ्यांना दिसलेले ढग फोटोत नसायचेच. मामा म्हणाले, "फिल्टर लाव. पिवळ्यानं ढग उठून दिसतात, लाल लावलास तर आभाळ काळंभोर होतं."

नवे चांगले फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायच्या रंगीत काचा, मला परवडणारे नव्हते. म्हणून एका रविवारी मी आणि बायको महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत, जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पत्र्याचा एक डबा काउंटरवर उपडा केला. "घ्या पावणं, ह्यातनं निवडा."

काचांच्या कडेवरची अक्षरं झिजून गेली होती. पिवळी काच मला ओळखू आली. बाकीच्या नुसत्या कमी-जास्त गडद. मी तसाच उभा राहिलेला बघून बायको स्टुलावरून उठली आणि बांगड्या निवडाव्यात तशा तिनं काचा वेगळ्या केल्या. "ह्यो लाल. ह्यो हिरवा. आणि ह्यो चहासारखा कसला तरी."

मग मी एकेक काच ट्यूबलाइटसमोर धरली. बारीक चरे चालतात, पण बुरशीचं जाळं असलेली काच घ्यायची नाही, एवढं मामांनी बजावलं होतं. माझ्या दोन लेन्सची तोंडं लहान-मोठी होती. दुकानदार म्हणाला, "दोन्ही मापाचे वेगवेगळे घ्या की."

"मोठ्या मापाचा घेतला तर बारक्याला बसत न्हाय?" बायकोनं विचारलं.

"बसतंय की वहिनी. मधी एक रिंग लावायची."

"मग रिंगच द्या."

त्यानं आणखी एक साधी पारदर्शक काच पुढे केली, लेन्सला ओरखडा येऊ नये म्हणून. बायको म्हणाली, "टोपण हाय की त्याला." पिवळी आणि लाल अशा दोनच काचा आम्ही घेतल्या. हिरवी मीच ठेवून दिली, लाल म्हणून तीच लावून बसलो असतो. घरी आल्यावर तिनं कानशीनं लाल काचेच्या कडीला एक खाच पाडून दिली, बोटाला लागेल अशी.

गणपती उठल्यावर पाऊस ओसरला आणि आम्ही स्कूटरवरून पन्हाळ्याच्या पलीकडं, मसाई पठारावर गेलो. वर गवत गुडघाभर वाढलं होतं, वाऱ्यानं सगळं पठार हलत होतं. बायको समोरच्या उतारावर बोट दाखवून म्हणाली, "ती तांबडी वाट बघा, कशी वळणावळणानं गेलीय." मी नेहमीसारखं "हो" म्हणालो आणि स्टँड लावायला घेतला. लाल काच उजेड पुष्कळ खाते, कॅमेरा हातात धरून भागत नाही.

खाच चाचपून मी फिल्टर बसवला आणि डोळा लावला. समोरचं गवत एकदम काळवंडलं, आणि त्या काळ्यातून एक उजळ रेघ चढावर निघाली. दोन वळणं घेऊन ती कड्याच्या टोकाशी संपत होती. मी डोळा काढून पाहिलं. नुसता उतार. पुन्हा डोळा लावला, तर रेघ तिथंच होती.

"ही वाट म्हणतेस?" मी विचारलं.

"मघाशी दाखवली ती हीच की."

तिनं वाकून स्वतः पाहिलं. "मला तर सगळं लालभडक दिसतंय." मग सरळ होऊन तिनं विचारलं, "एरवी तुम्हाला तिथं काय दिसतंय?"

"गवत."

मला वाईट वाटलं असं नाही. इतकी वर्षं ती रस्त्यानं जाताना काय काय दाखवत आली होती आणि मी "हो" म्हणत आलो होतो, त्यातलं थोडं आता बघायला मिळेल, एवढंच मनात आलं. वारा पडायची वाट बघत आम्ही दोघं दगडावर बसलो. गवत जरा थांबलं तेव्हा फोटो घेतला, ढगांसाठी पिवळी काच लावून आणखी एक घेतला, आणि मग खाली उतरून त्या वाटेनं पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो. पायाखाली बारीक मुरूम करकरत होता.

रोल धुऊन वाळत टाकला, तेव्हा बायको खिडकीशी ती ओली पट्टी उजेडात धरून बघत होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. "वाट कुठाय?" तिनं विचारलं. मी मागं उभा राहून बोट दाखवलं. "ही बघ. ही काळी रेघ." तिला ती सापडायला वेळ लागला.

दोन्ही फोटो मोठे करून आणले. तिला पिवळ्या काचेतला जास्त आवडतो, लाल काचेतलं गवत तिला जळल्यासारखं वाटतं. हॉलमध्ये तिनं तोच लावलाय. माझा ऑफिसात, टेबलाच्या काचेखाली आहे.