मीठ-लिंबाशेजारची गोळी

इंदूकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नई सडकेवर औषधाच्या दुकानात उभा होतो आणि दुकानदार माझ्याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पिशवीत घालत होता. त्या गोळ्या माझ्यामागे लावल्या त्या काकूंनीच. ऐंशी ओलांडून, झोपेतच गेल्या. डोळे भरून आले, पण खरं सांगतो, रडू काही पुरतं फुटेना... जिंकून गेलेल्या माणसासाठी रडायचं तरी कसं?

आमच्या घराण्यातले पुरुष साठी बघत नाहीत, असं शिंदे की छावनीत, आमच्या मोहल्ल्यात, सगळेच म्हणायचे. आजोबा कचेरीतल्या खुर्चीतच गेले, माझे वडील पूजेला बसल्या बसल्या. इंदूकाकूंचे यजमान, म्हणजे माझे धाकटे काका, सराफ्यातून दिवाळीची खरेदी करून आले आणि चहाचा कप हातात असतानाच कोसळले. घरातले म्हणाले, नशीब. काकूंनी मात्र दिवसपाणी उरकल्यावर थेट डॉक्टर गाठले आणि परत आल्या त्या एकच गोष्ट सांगत, की हे नशीब नाही, बापाकडून मुलाकडे आलेली रक्तातली चरबी आहे, आणि ती वेळेवर तपासता येते.

पण रक्त देणार कोण? उपाशीपोटी जायचं म्हटलं की कुणी सकाळीच बेडई-जलेबी खाऊन मोकळा, कुणाला कामाची घाई. काकूंनी पुष्कळ विनवण्या केल्या आणि मग पितृपक्षात डाव टाकला. श्राद्धाच्या दिवशी आमच्याकडे ब्राह्मण जेवेपर्यंत घरातले पुरुष अन्नाला शिवत नाहीत. गुरुजी आत दर्भ मांडत होते आणि दारात लॅबचा माणूस सुया घेऊन उभा. तोच बिचकला. "अम्माजी, आज तो श्राद्ध है, आज कैसे?"

"आज ही तो सब भूखे हैं, भैया. बैठो."

गुरुजी चिडले. "वहिनी, पितरांच्या दिवशी रक्त काढता?"

"पितर याच दुखण्याने गेलेत, गुरुजी. त्यांची हरकत नसेल."

पुढल्या वर्षी गुरुजींनी स्वतःच बाही वर केली.

माझा आणि काकूंच्या मुलाचा, श्रीधरचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आकड्यांभोवती लाल पेनने गोल काढले. आम्ही तेव्हा ऐन उमेदीत होतो, अंगात कसलंच दुखणं नव्हतं. गोळी सुरू झाली. ती विसरू नये म्हणून काकू रात्रीच्या पानात वाढू लागल्या, डावीकडे, मीठ-लिंबाशेजारी. रिपोर्ट चांगला आल्यावर श्रीधरने एकदा ती हळूच ताटाखाली सरकवली. "आई, आता तर सब ठीक आहे, मग कशाला?"

काकू कोशिंबीर वाढता वाढता म्हणाल्या, "ठीक गोळीमुळे आहे, बेटा. तुझ्यामुळे नाही." आणि तो गिळेपर्यंत हातात वाडगा धरून तिथेच उभ्या राहिल्या.

श्रीधर साठ वर्षांचा झाला तेव्हा साठीशांत करायचं ठरलं, आणि ती कशी करतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे वेळच आली नव्हती! काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातीचं लग्न ठरलं. त्या दिवशी काकू नव्या लुगड्यात जशा ताठ बसल्या होत्या, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझी साठीही त्यांनीच केली, तेवढ्याच थाटात.

तेरावं झालं, त्या रात्री उरलेसुरले आम्ही घरचेच पंगतीला बसलो. श्रीधरच्या बायकोने पानं वाढली... मीठ, लिंबू, आणि शेजारी गोळी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी आम्हा चुलतभावांच्या पंगतीवर नजर फिरवली. कुणाचं टक्कल, कुणाची कवळी, पांढऱ्या मिशा. शेजारून श्रीधरला मी म्हटलं, "काकू असत्या तर आज खूश झाल्या असत्या."

तो कानाशी हात नेत म्हणाला, "क्या? जरा मोठ्याने बोल ना."

कान जाईपर्यंत आमच्या घरात आजवर एकही पुरुष जगला नव्हता. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी मोठ्याने.