नाळेच्या रानातली मोजणी

आमच्या डोंगरात नाळ पुरत नाहीत, झाडाला टांगतात. आम्हा कॅरेन जमातीच्या घरात पोर जन्मलं की बाप गळून पडलेली नाळ बांबूच्या नळीत घालतो आणि गावावरच्या रानात एखादं जोमदार झाड बघून त्याला बांधतो. त्या दिवसापासून ते झाड त्या पोराचं. झाडाला घाव बसला तर पोर आजारी पडतं आणि घाव घालणाऱ्याला कोंबडीचा दंड बसतो. म्हणून त्या रानात कुणी कोयता नेत नाही.

नॉ बूपॉ याच गावची. चिआंग माईच्या विद्यापीठात ती वनव्यवस्थापनात डॉक्टरेट करत होती आणि विषय घेतला होता आपल्याच गावाच्या जंगलाचा. कॉम्प्युटरने नकाशावर वाटेल तिथे ठिपके टाकून दिले होते. प्रत्येक ठिपक्यावर जाऊन दोरीने गोल आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, नंबराचा पत्रा खिळ्याने ठोकायचा. मदतीला तिचा चेवा मामा असे. ठिपका नाळेच्या रानात पडला की मामा म्हणे, जरा खाली घेऊ, आणि ती घेई. दोघांनाही त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. वाटेत साप पहुडलेला असला की आपण बाजूने जातो, तितकंच ते.

प्रबंध जवळजवळ लिहून झाला, तेव्हा समितीने तिला बोलावलं. समितीत डॉ. चुथारत नावाच्या बाई होत्या. त्या बराच वेळ तिचा आलेख बघत राहिल्या.

"तुमच्या गावात झाडं म्हातारी होतच नाहीत वाटतं? सगळी तरुणपणीच वारतात?"

बाकीचे हसले. जाड बुंध्यांचा रकाना जवळजवळ रिकामा होता. बूपॉच्या ते तिथे, उभ्या उभ्या लक्षात आलं. गावातली सगळ्यात थोराड झाडं नाळेच्या रानात होती, आणि तिथे तिने टेप लावलाच नव्हता. तिने काही न लपवता सांगून टाकलं.

"श्रद्धा मला कळते," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, ठिपका कॉम्प्युटरने हलवला की तुम्ही?"

भातकापणीच्या आत ते ठिपके जागच्या जागी मोजून आणायचे, नाहीतर विद्यापीठातून नाव कमी, असं ठरलं.

गावच्या पुजारी आजोबांनी खिळ्याला सरळ नाही म्हटलं. टेप लावायचा तर ज्याचं झाड त्याला विचार, ते म्हणाले, मी कोण परवानगी देणारा? मग बूपॉ दारोदार फिरली. मामी म्हणाली, माझ्या झाडाचा घेर कुणाला सांगू नकोस गं, लोक मलाच जाड म्हणतील. एक जण शहरात टॅक्सी चालवत होता. तो फोनवर म्हणाला, मोज की, निदान ते तरी वाढतंय का बघ. बहुतेकांनी हसत हो म्हटलं. मामाचा तर आग्रहच होता. त्याचं झाड रानात सगळ्यात जाड, आणि ते एकदा कागदावर यावं अशी त्याची फार इच्छा.

मामाचं झाड ज्या गोलात येत होतं, त्याच गोलात एक झाड मुएका मावशीच्या मुलीचं होतं. मुलगी लहानपणीच तापात गेली होती. बूपॉ मावशीच्या चुलीपाशी बसली, चहा प्यायली आणि शेवटी तिने विचारलं.

मावशी लाकडं सारत होती. "ज्याचं झाड त्याला विचारायचं, असंच सांगितलंय ना आजोबांनी?"

"हो, मावशी."

"मग विचार जा तिला."

बूपॉ उठून आली. मामाला हे कळल्यावर तो म्हणाला, लांबून बघ आणि टाक आकडा, कोण येतंय बघायला? तिला ते सहज जमलं असतं. इतकी वर्षं झाडं मोजून तिची नजर बसली होती. पण नजरेने मोजलं तरी ते मोजणंच, असं तिचं म्हणणं पडलं. आणि गोल घ्यायचा तर आतल्या सगळ्या झाडांसकट, एक सोडून चालत नाही. तिने तो अख्खा गोल गाळला आणि गाळला असं प्रबंधात लिहिलं.

शेवटच्या परीक्षेत चुथारत बाईंचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"एका झाडासाठी गोल गाळला? अंदाजाने भरता आलं असतं."

"विचारायला माणूस नव्हतं."

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग त्यांनी चढावरच्या मोजणीत दोरी कशी धरली ते विचारलं, आणि पुढे बराच वेळ चढावरच बोलणं चाललं. निष्कर्षातली अनिश्चितता वाढवून लिहा, एवढी दुरुस्ती सुचवून समितीने डॉक्टरेट दिली.

बांधलेला प्रबंध घेऊन ती गावी आली, तेव्हा भाताची दारू निघाली. मामाने पहिल्या पानापासून सगळे फोटो बघितले. मग पुन्हा मागून पुढे बघितले.

"माझं झाड कुठाय?"

"त्या गोलातलं एकही घेतलं नाही, मामा."

"मी तर हो म्हटलं होतं."

"तुम्ही म्हटलं होतं."

मामाने प्रबंध मिटून तिच्या हातात दिला आणि पेला भरून घेतला. पुढचं भात पेरेपर्यंत तो तिला नावाने हाक मारत नव्हता. डॉक्टरीणबाई, एवढंच म्हणायचा, आणि तेही मामीकडे बघून.