भिंतीतला वाख

परवा स्वयंपाकघरात जेवताना समोरच्या भिंतीतून एक लांब केस लोंबताना दिसला. स्वच्छतेची फार आवड असल्यासारखा मी तो ओढला. केसामागून बशीएवढा गिलावा सुटला आणि माझ्या वरणात येऊन बसला. बायकोने वरणाकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. दोघांनाही तिचे मारेगावचे मामा आठवले.

या मामांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, वाख असलेल्या आणि पडणाऱ्या. वाख म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा. त्यांनी बांधकाम खात्यात जन्मभर कारकुनी केलेली. थापी कधी हातात धरली नाही, त्यामुळे ज्ञानाला कुठेच अडथळा नव्हता. पुढाऱ्याचं भाषण ऐकून म्हणायचे, "लांबी हाय, वाख नाही." चारचौघांत माझी ओळख करून द्यायचे, "जवाई चांगला हाय, पण वाख कमी."

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या यवतमाळच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात शिरेल एवढी भेग पडली. पावसाआधी बुजली नाही तर चुलीसकट सगळं अंगणात येणार होतं. मी सिमेंट आणायला निघालो, तर दारात मामा.

"सिमेट म्हंजे कडक इस्तरीचा सायेब, जवाईबापू. वाकत नाही, एकदम मोडते. चुन्यात वाख टाका. भिंत हलली तरी धरून राह्यते."

चुना मी मळला, मामांनी मळवला. वाखासाठी माझ्या खाटेची नवी अंबाडीची दोरी उसवून बोटबोटभर कातरली. मी जमिनीवर झोपू लागलो. आभाळ भरून आलं तेव्हा वरची वीतभर भेग उरली होती आणि दोरी संपली होती. मामांनी कोनाड्यातला केसांचा पुडका उचलला, न कातरताच चुन्यात टाकला. विंचरताना गळलेले ते केस बायकोने वर्षानुवर्षं जपले होते. भावाच्या लग्नात त्यांचं गंगावन करून वेणीत मिरवायचं होतं.

"मामा, काय केलं हे?"

"तोही वाखच हाय, पोरी."

तिचं आम्हा दोघांशीही बोलणं बंद झालं. लग्नात ती उंदराच्या शेपटीएवढी वेणी घालून फिरली आणि माझ्याकडेच रागाने पाहत राहिली. पण त्या पावसात शेजाऱ्यांची सिमेंटने बुजवलेली भेग पुन्हा उघडली, आमची भिंत जागची हलली नाही. मामा मुद्दाम आले, भिंत थोपटून म्हणाले, "तुह्या केसानं घर धरलं, पोरी." तिने चहा नुसत्या दुधाचा दिला.

जगाला वाख शिकवणारा तो माणूस पुढे एका साध्या तापात मोडला.

वरण बाजूला सारून मी भिंतीतल्या दुसऱ्या केसाला हात घातला.

"नोका ओढू," कपाळावरची पांढरी बट मागे सारत बायको म्हणाली, "माहे काळे केस आता तेवढेच राह्यले."